आरोहीची तुळस

न्हाई ताई, बगिच्यात मधोमध ऊस नगंच — खोडा तो आधी तुमच्या नकाशातून. ऊस तोडायला गेले आन् तिकडंच मेले त्यांच्या आठवणीची बाग, आन् मधी ऊसच? मेलेलं माणूस बी म्हणंल, हितं बी तोडायलाच बोलवलं का! — हसता काय, लिहा. पंडितला बोर लावा, त्याच्या खिशात कायम बोरं. भिवराबाईला शेवगा — तिच्या शेंगा म्या चोरून खाल्ल्यात, आता कबूल करायला काय हरकत? आन् आरोहीला तुळस, बरोबर. शेजारच्या दिपालीची पोरगी, तीन वर्षांची. तिच्या दारची तुळस माझ्यापाशीच हाय — ती काय, तेलाच्या डब्यातली.

आमच्यात रीतच हाय — दिवाळीमागं माणसं तोडीला निघाली की घराला कुलूप, आन् दारची तुळस शेजारणीच्या हवाली. सहा महिने पाणी घालायचं. दिपालीनं बी दिली. मग पोरीला पुढं केलं — "काकू, हिला बी ठिवा, तिकडं थंडी लई." का न्हाई ठिवली? — तुमी इचारलं न्हाई, पर तोंडावर दिसतंय तुमच्या. माझ्या सुनेचं बाळंतपण होतं — मंजी, फेब्रुवारीत होतं. ही निघाली कार्तिकात. पोरगी लई किरकिरी वो, सारखी रडायची. म्या म्हणलं, तुळस ठिवते बाई, ही तुझी तू ने. हसतच म्हणलं. तिकडं फडात पोरगी उसाच्या पाचटावर निजली होती, ट्रॅक्टर मागं घेताना कुणाला दिसलीच न्हाई —

तर घिऊन जा तुळस. चांगली वाढलीय. पाटीवर निस्तं पोरीचं नाव घाला. — काय? "सांभाळणारी: वनमालाबाई"? नगं. नगं म्हणते ना! कुणी सांगितलं असलं, सरपंचानं? — दिपालीनं? तिनं सोत्ता? कशी म्हणली? नीट सांगा — रागानं का? रडली का? "काकूचं नाव घाला", एवढंच? मंजी माफ केलं म्हणावं, का समद्या गावासमोर... दोन वर्षं झाली ताई. भिंतीला भिंत हाय आमची, पर तुळस मागायला ती आली न्हाई. आन् म्या बी न्हाई नेऊन दिली. कोणत्या तोंडानं नेऊ?

घाला. न्हाई, थांबा — घाला. मला काय इचारता, पोरगी तिची हाय. उठा आता, नळाला पाणी आलंय.