जिवंत बापाची मिशी

सोनबा : दाढी करतो, डोई करतो, म्हणाल तर कान कोरून देतो. पण मिशीला वस्तरा लावणार नाय.

हाइनरिक : मिशी माझी आहे, सोनबा.

सोनबा : आन् बाप? बाप जिता असता मिशी उतरवली तर पाप न्हाव्याला लागतं. ते बघा, यज्ञेश्वरशास्त्री आंघोळ करून आले. त्यांनाच इचारा.

शास्त्री : ओल्या धोतरानं उभा आहे, लवकर विचारा. श्रीमंतांच्या तोफखान्यातल्या साहेबांचं घाटावर काय काम? इथे दारू उडवत नाहीत.

हाइनरिक : शास्त्रीबुवा, आमच्या मुलखातले ड्यूक वारले. आज सकाळी कागद आला, तसाच इकडे आलो.

शास्त्री : ड्यूक म्हणजे?

हाइनरिक : राजा. छोटा राजा.

शास्त्री : केवढा छोटा?

हाइनरिक : सकाळी घोड्यावर बसलं, तर जेवणाआधी राज्य संपतं.

शास्त्री : म्हणजे येरवड्याचा पाटीलच म्हणा की. बरं, राजा गेला म्हणून रयत मिशी काढते तुमच्यात?

हाइनरिक : आमच्यात मिशी ठेवतच नाहीत. पुण्यात आलो तेव्हा माझाही ओठ साफ होता.

सोनबा : आठवतंय की! सारी पेठ म्हणायची, बिचाऱ्याचा बाप लवकर गेला.

हाइनरिक : सगुणेशी लग्न ठरलं तेव्हा तिनंही तेच विचारलं. वडील कधी गेले? मी म्हटलं, आहेत. ती रागावली. म्हणाली, बाप असताना अशी काढतात का? ठेवा मिशी. तेव्हापासून ठेवली. बारा वर्षं झाली.

शास्त्री : थांबा, थांबा. राजा वारला म्हणता, मिशी वडिलांची म्हणता. म्हणजे ते ड्यूक...

हाइनरिक : आई त्यांच्या वाड्यावर कपडे धुवायची. लग्न नव्हतं.

शास्त्री : हं. लेकावळे आपण.

हाइनरिक : सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. ते वाटेत दिसले की मी टोपी काढायची, बस.

शास्त्री : आणि कागद कोणी धाडला? त्यांच्या घरच्यांनी?

हाइनरिक : नाही. गावच्या म्हाताऱ्या पाद्र्यानं. वाड्याच्या दारावर लावलेल्या जाहीरनाम्याची नक्कल. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. त्यांच्या लाडक्या कुत्रीचंसुद्धा नाव आहे. माझं नाही.

शास्त्री : मग साहेब, ज्यानं जन्मभर ओळख दिली नाही, त्याच्यासाठी कशाला हवंय हे?

हाइनरिक : त्यांना नासपतीच्या झाडांचं वेड होतं. कलमं स्वतः बांधायचे. मी आठ वर्षांचा असेन, कुंपणापाशी उभा होतो. मला आत बोलावलं, दोरा धरायला दिला. माझ्या बोटांवर बोटं ठेवून गाठ मारली. म्हणाले, "घट्ट धर, पोरा." दुसरा कुणी उभा असता तर त्यालाही म्हणाले असते. पण मी होतो ना, शास्त्रीबुवा. मला म्हणाले.

सोनबा : मग?

हाइनरिक : मग काही नाही. एवढंच. पण दर दसऱ्याला वाटायचं, यंदा रजा मागू, जहाज धरू, ही मिशी घेऊन त्यांच्यासमोर उभं राहू. ते विचारतील, हे काय तोंडावर? मी सांगेन, आमच्या पुण्यात बाप जिवंत असला की ठेवतात. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं मला.

शास्त्री : ...गेले कधी म्हणालात?

हाइनरिक : दोन वर्षं झाली. दोन वर्षं ते नव्हते, आणि मी रोज आरशापुढे मिशी विंचरत होतो. उशीर झाला ना? आता सूतकसुद्धा उरलं नसेल.

शास्त्री : भाऊबंद गेल्याचं वर्षानं कळलं, तर एक आंघोळ केली की सुटलं. आईबापाचं तसं नाही. कितीही उशिरा कळो, मुलाला ज्या दिवशी कळतं तो पहिला दिवस. तिथून पुरते दहा.

हाइनरिक : मुलाला.

शास्त्री : मुलालाच. कुत्रीला नाही.

हाइनरिक : पण मी तुमच्या धर्माचा नाही.

शास्त्री : म्हणून मंत्र मी म्हणणार नाही. तुमचा देव तुम्ही बघा. पण बारा वर्षं मिशी राखलीत, ती कुठल्या धर्मानं राखलीत? सोनबा, वस्तरा काढ.

सोनबा : काढतो. पण उद्या कुणी इचारलं, साहेबाची मिशी का उतरवली, तर काय सांगू?

शास्त्री : ते मी कसं सांगू? साहेब सांगतील.

(हाइनरिक पगडी उतरवून घाटाच्या पायरीवर बसतो.)

हाइनरिक : माझे... माझे वडील गेले, सोनबा.

सोनबा : आरं देवा. बसा नीट, मान वर करा. रडा साहेब, खुशाल रडा. फकस्त ओठ हलवू नका.