लम्पी न्हाई एवढीच चिठ्ठी

…"नागम्माच्या कुत्र्याच्या पायाला लम्पी—" एवढंच गिरणीतल्या बायांच्या तोंडून कानावर आलं बगा डॉक्टरसायेब, तेवढ्यात पाशामियाँनी गिरणी चालू केली. पुढचं बोलणं ज्वारीसंगं दळून गेलं. आता अर्धी गोष्ट घेऊन माणूस घरी कसं जाईल, तुम्हीच सांगा? — हाव, हाव, धरलंय मी, तोंड घट्ट धरलंय, चावत न्हाई वो तांबू, भेलंय म्हणून गुरगुरायलंय. तुम्ही पाय बगा. चारी बगा. बोटांच्या मधी बगा, तिथं लई चिघळलंय — केस गेले, कातडं जाड झालं, सारखं चाटतंय न् लंगडतंय. कुत्रं माझं न्हाई, शेजारच्या नागम्माचं. मी पार्वतम्मा, तिच्या भिंतीला माझी भिंत.

सावकाश सांगा म्हणता, पण मला सावकाश कुठलं? समोरच्या बसलिंगप्पाच्या आठ गाई हायत. त्यानं सांगितलंय, संध्याकाळच्या धारेच्या आत डॉक्टरची चिठ्ठी आणा, लम्पी न्हाई म्हणून — न्हाई तर पोत्यात घालून कर्नाटकाच्या हद्दीत सोडून येतो. असले पाय घेऊन कुठं जाईल हो हे? त्याचंबी चुकतंय म्हणवत न्हाई. मागं लम्पीत त्याची देवणी बैलजोडी गेली, खड्ड्यात माती लोटताना पोरगं गेल्यावानी रडला. पण नागम्मा? सत्तरीच्या पुढची, घरात दुसरं कोण न्हाई. सकाळी लिंगपूजा झाली की पहिला तुकडा तांबूला, मग तिच्या तोंडात. काल तांबू खाटेखालून उठलं न्हाई, तर म्हातारी तुकडा हातात धरून बसली बारापर्यंत. उपाशी. तिला बसलिंगप्पाचं ठाऊकच न्हाई. मी सांगितलं न्हाई. मी! गल्लीतल्या कुणाच्याबी डाळीला फोडणी कशाची दिली ते सांगणारी मी — एवढी एक गोष्ट पोटात ठिवली.

बसलिंगप्पाला कुणी सांगितलं? आता… गल्लीच हाय, बोलतात लोक. कुणाचं नाव घ्यावं. — असं चष्म्यावरून बगू नका, सायेब. मीच. मीच सांगितलं. अर्धं ऐकलं होतं, उरलेलं आपल्या मनानं जोडलं — लम्पी झालाय, गोठ्यात फिरतंय, गाईंना देईल. मला वाटलं, आपण काळजीनंच सांगायलोय. काल पाशामियाँला विचारलं तर कपाळाला हात लावला. म्हणले, "आपा, त्या बाया म्हणत होत्या, लम्पीवानी फोड दिसायलेत, कुणीतरी दवाखान्यात न्या बिचाऱ्याला." घ्या! गिरणी दोन मिनिटं उशिरा चालू झाली असती तर? न्हाई, गिरणीला कशाला बोल लावू.

काळं? कुठं काळं? चिखल असल. — वास यायलाय? बरं मग… जळकं ऑईल हाय. मुनीबच्या गॅरेजातून वाटीभर आणलं. आमच्याकडं खरजेला सगळे लावतात हो, बैलाला लावतात, कुत्र्याला लावतात, आमच्या सासऱ्यांनी तर… बरं, बरं, वरडू नका. चाटलं असल की, चाटणारच. दोनदा ओकलं ते. मला वाटलं, शिळं खाल्लं. नागम्मानं न्हाई लावलं, तिला बोलू नका. तिचा दुपारी डोळा लागला की मी हळूच… भलं करायला गेले अन् इख लावलं म्हणा की. द्या इकडं ते कापड, मी पुसते. साबण लावू का? कोमट पाणी? हळू रे तांबू, हळू माझ्या राजा.

आता त्या पात्यानं काय करायलाव? खरवडायलाव? रक्त येस्तोवर? यप्पा! मी तिकडं बगते. झालं का? — काचेवरचं ते मलाबी दावा की त्या दुर्बिणीत. कुठं… अगं बया! हालायलंय! गोल गोल, पायाचं! म्हणजे किडा? म्हणजे लम्पी न्हाई! कुत्र्याला लम्पी होतच न्हाई? मग हे लाऊडस्पीकर लावून सांगा की हो निलंग्यात! खरूज हाय. साधी खरूज, अन् खाजवून जखमा पिकलेल्या. बरी होईल ना? सुई, गोळ्या, धुवायचं औषध — सगळं करते. अंथरूण उकळते, त्याच्या अंगाखालचं पोतं जाळते. फकस्त बरं होईल म्हणा. म्हणा ना.

काय? माणसालाबी लागतं? — न्हाई, नागम्माला काय न्हाई, ती त्याला खाटेवर घेत न्हाई, सोवळ्याची हाय. घरात कुणाला खाज? माझ्या घरात हाय कोण? मालक ट्रकवर, पोरगी ऋतुजा लातूरला, नीटच्या क्लासला. एकटी तर मी… हे? हे भांड्याच्या साबणानं उठलंय. मनगटावर उठतं कधीमधी. पोटावरबी, हाव. महिना झाला असल. — कुत्रं माझ्याजवळ कशाला झोपंल?

झोपतंय. ऋतुजा गेली तवापासून. संध्याकाळी नागम्मानं दिवा मालवला की मी मागचं दार उघडते, अन् ते येतंय. पोरीच्या रिकाम्या गादीवर न्हाई जात, माझ्या पायथ्याला पडतंय. नागम्माला ठाऊक न्हाई, तिचा एकुलता जीव अन् मी वाटून घेतला — कसं सांगू?

लिहा चिठ्ठी. मोठ्या अक्षरात लिहा, लम्पी न्हाई. बस, एवढंच लिहा. ते दुसरं, पसरतं म्हणून, ते… ते नका लिहू हो. बसलिंगप्पा तेवढाच शब्द वाचंल. पोतं तयारच हाय त्याचं. पाया पडते तुमच्या.

— थांबा. अर्धंच तर सांगितलं होतं मी, त्यानंच एवढं झालं. पुरं लिहा. खरूज हाय, औषधानं जाते. माणसालाबी लागते — अन् खाली माझं नाव घाला, शेजारीण पार्वतम्माला लागली, तिनंच कुत्र्याला ऑईल लावून वाढवली. ते मी नागम्मासमोर वाचून दावते आधी, मग बसलिंगप्पाला. काय म्हणल ती म्हणू दे.

शिक्का उमटला न्हाई नीट. अजून एकदा मारा. हां. — आता मला मलम नको, माझं मी उद्या बगते, धारेची वेळ झाली. ऊठ तांबू. सरका, सायेब, दार सोडा.