बाईंच्या शब्दांपुढची तारका

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, कोशविभागातील ज्येष्ठ सहकारी, बाईंचे कुटुंबीय आणि इथे जमलेल्या सर्वांनो,

मी संगणकाकडची. भाषणाचा सराव नाही, म्हणून जे नक्की माहीत आहे तेवढंच सांगते.

आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाईंनी अकरा वर्षं कोशाच्या एकाच खंडावर काम केलं. जर्मन, इंग्रजी, डच यांची जी एक मूळ भाषा मानतात, तिच्यातली विशेषणं. ती भाषा जवळजवळ कुठेच लिहिलेली सापडत नाही. मग तिच्यातला शब्द कळतो कसा? मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. बाई म्हणाल्या, "चार नातवंडांची नाकं बघून आजोबांचं नाक काढायचं. आणि आजोबांना आपण पाहिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायचं." ते लिहायची खूण म्हणजे शब्दाच्या आधी एक छोटी तारका, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

त्यांचं लाडकं विशेषण 'युंगझ', म्हणजे तरुण. आपल्या 'युवा'च्या दूरच्या भाऊबंदांपैकी. कुणी एक तरुण असेल तर 'युंगझ', तरुणी असेल तर 'युंगो'. पण आधी ओळख झालेला 'तो' तरुण म्हटलं, की रूप वेगळं. ओळख झाल्यावर विशेषणानं कपडे का बदलावेत? मला अजून याचं कुतूहल आहे. 'अधिक तरुण' म्हणताना तर मधला ग जातो आणि ह येतो. मी विचारलं, "दुरुस्त करू?" "अगं, चूक नाही ती, खोड आहे. राहू दे."

हा खंड आज या टेबलावर असायला हवा होता. निवृत्तीच्या दिवशी तो हातात घ्यायचा, एवढी एकच इच्छा बाईंनी बोलून दाखवली होती. अध्यक्ष महोदय, आपण आत्ता म्हणालात की बाईंनी ऐनवेळी फेरतपासणी मागितली. तसं पत्र त्यांनी दिलं, हे खरं. कारण मात्र वेगळं आहे.

शोधयंत्रणा अडखळत होती. मला त्या तारका कचरा वाटल्या. एका आज्ञेत सगळ्या काढल्या, वर राखीव प्रतही तशीच करून टाकली, म्हणजे संगणकात जुन्या तारका कुठेच उरल्या नाहीत. तीन हजार एकशे बारा तारका. छपाईचा नमुना आला तेव्हा बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"कुणालाच न सापडलेले शब्द तू सापडले म्हणून छापतेयस, बाळा."

सरसकट परत लावताही येईना, कारण खरोखर सापडलेले शब्दही त्याच रकान्यात होते. एकोणीस दिवस आम्ही बाईंच्या जुन्या शब्दकार्डांचे खण उघडून बसलो. मी वाचायचे, त्या सांगायच्या.

"युंगझ?"

"तारका."

"जुन्या गॉथिक भाषेतला युंग्स?"

"तो पोथीत लिहिलेला आहे. त्याला तारका कशाला? पुढे चल, जेवायचंय मला."

पत्रात माझं नाव घालू का, असं मी विचारलं. "तुझी नोकरी नवी आहे, माझी संपलीय," एवढंच त्या म्हणाल्या. मी गप्प बसले. आजपर्यंत.

अध्यक्ष महोदय, उशीर बाईंमुळे झालेला नाही. माझ्यामुळे झाला. इतिवृत्तात तसं लिहावं, ही विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तारकांचं मात्र घालू नका. ते बाईंनी एकदा घातलं आहे, तेवढं पुरे.