फोटोतली खुर्ची

— नाही नाही, तुमच्या जाहिरातीच्या कागदावर सही नंतर, सर. पेन ठेवा जरा. आधी ऐका. मी नवस बोलले होते. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, विमानतळाचं कुंपण उभं राहिलं ना, तेव्हा सातेरीच्या पुढ्यात हात जोडून बोलले — बाय माझे, माझ्या रियाला तिथे खुर्चीवर बसायचं काम लागू दे, तोवर मी डोक्यात फूल माळणार नाही. हसू आलं ना? येऊ दे. पण येताना दारातली अबोली बघितलीत? पाच वर्षं मी रोज वळेसर गुंफले आणि शेजारच्या सँड्रीनाला तिच्या चर्चमधल्या सायबिणीसाठी, मेरीमातेसाठी दिले — स्वतः एक पाकळी घातली नाही. का? तर पोर शिकत होती. विमानतळावरच्या कामाचा कोर्स केला तिने, कुडाळला एसटीने जाऊन-येऊन. आरशासमोर उभी राहून इंग्रजीत म्हणायची, आपलं तिकीट दाखवा — आणि मी घावण्याचं पीठ ढवळता ढवळता तिला माझं रेशनकार्ड दाखवायचे!

मग ती विमानतळावर जायला लागली, काम काय ते धड सांगेना, आणि एक दिवस हा फोटो आला मोबाइलवर. हाच, तुम्ही धरलाय तो. निळा कोट, गळ्यात रुमाल, काउंटरमागे माझी रिया. मी काय केलं असेल? धावत देवळात. ओटी भरली, नवस फेडला, हा एवढा लांब वळेसर माळला — आणि प्रसादाची वाटी घेऊन फॉस्टिनच्या रिक्षेने थेट विमानतळावर. त्याची रिक्षा चालते हो विमानतळामुळे, खोटं का बोलू? दोन घरांत भाडेकरूही आलेत. आंब्याच्या पेट्या मात्र विमानाने जाणार होत्या, त्या अजून टेम्पोनेच जातात — ते असू दे. गेटवर आमच्याच वाडीतला बाबू. म्हणतो, "रिया? फरशी पुसता ती? आत आसा, थांब काकी, बोलवतंय." डोक्यात ताजी अबोली घालून मी तिथे उभी. आणि ती आली, हातात पोछा.

किळस पोछ्याची नाही आली हां, सर. पोछा मी रोज मारते. किळस आली ती ह्या फोटोची. दिल्लीहून मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून कंत्राटदाराच्या माणसाने सकाळी पोरीला काउंटरवर बसवलं. कोट दुसऱ्या मुलीचा, ढगळ — मागून माझ्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावलेत त्याला! सकाळी तिने मागितले, मी हौसेने दिले, विचारलंसुद्धा नाही कशाला. बूट मापाचे मिळाले नाहीत, म्हणून पायात रबरी चपला. फोटोत पाय कुठे दिसतात? साहेब गेले, कोट काढून घेतला, पोरीच्या हातात परत बादली. खुर्चीवर बसणारी सगळी बाहेरून आलेली, आमच्या वाट्याला झाडू, गवत आणि धावपट्टीवरची पाखरं हाकणं. आणि हे तुम्ही भिंतभर लावणार, 'स्थानिकांना रोजगार' म्हणून, खाली आईचे दोन शब्द? शी! आणि मी देवीची ओटी भरली ती कशाची — चिमट्यांची?

रिया त्या दिवशी रडली नाही. म्हणाली, "आये, खंय बोलू नको. माझा नाव कापतील." आज सकाळी पुन्हा बजावून गेली — सर येतील, नुसतं हसायचं, सही करायची, पुढच्या महिन्यात कंत्राट नवं व्हायचंय. आणि मी... बघा, सगळं बोलून बसले. माझी जीभ! तुम्ही लिहिलं तर नाही ना काही? नका लिहू. म्हणजे — लिहा. तिचं नाव नका लिहू, बाकीचं लिहा. सही मी करणार नाही, देवीपुढे एकदा खोटी पडले ते पुरे.

मी पुन्हा नवस बोललेय, झिला — मुलासारखेच तुम्ही मला. रिया खरीच त्या खुर्चीत बसेपर्यंत अबोली नाही. बसेल ती, माझी सातेरी एवढी कठोर नाही. तुमच्या बॅगेत अशा किती जणींचे फोटो आहेत? सगळ्यांच्या पायांत काय होतं, विचारलंत?

— स्कूटर वाजली. आली ती. चहा संपवा लवकर, आणि हसा. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. एवढंच करा, सर — जाताना वाटेत देऊळ लागेल, तिथे उतरा, नवस बोला, आणि खरं लिहून होईपर्यंत तुम्हीही काहीतरी सोडा.