नावाला तुरा चालत नाही

…आणि तेही भाड्याने! अहो, विकत नाही, भाड्याने! तुम्हाला सांगते, चोवीस वर्षं मी जे नाव फुकट वापरतेय, ते मला वर्षाच्या बोलीवर भाड्याने मिळणार होतं, आणि तेसुद्धा शिल्लक असेल तर! वेबसाइटचं नाव हो. ते एका दुकानातून घ्यायचं आणि साइटला राहायला जागा दुसऱ्या दुकानातून. म्हणजे दारावरची पाटी एकाकडे, घर दुसऱ्याकडे. पाटीचं भाडं एक वर्ष चुकलं की पाटी उतरवतात आणि दुसऱ्या कुणालाही देऊन टाकतात. मग त्या पत्त्यावर उद्या जुगार चालो नाहीतर टकलावर केस उगवायचं तेल विकलं जावो, लोक येणार ते तुमचंच नाव टाइप करून! हे सगळं पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मी ते वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

तशी मी घाबरट नाही. कोकंद शहरात, आमच्या मोहल्ल्यात मला कुणीही विचारा… नको, नका विचारू, ते वेगळंच सांगतील. मी भुंगे काढते. चित्रं हो, भुंग्यांची चित्रं! कीटकशास्त्राची पदवी घेतली, डोंगरात हिंडले, दोनशे चौदा भुंगे काढले, प्रत्येकाच्या मिशीचा प्रत्येक सांधा मोजून. घरचे म्हणाले, शिकून काय केलंस, तर किडे! आणि मग ब्रनो शहरातून लिबुशे नावाच्या संपादक बाईंचं पत्र आलं. 'तुमचे चाळीस भुंगे आमच्या ग्रंथात घेतो. प्रत्येक चित्राखाली तुमच्या साइटचा पत्ता छापू. पंधरा तारखेपर्यंत कळवा. हा ग्रंथ पन्नास वर्षं वाचनालयांत राहतो, त्यामुळे पत्ता टिकाऊ असू द्या.'

पन्नास वर्षं! आलं लक्षात? छापलं की छापलं. चुकीचं नाव गेलं तर चुकीचं, बंद पडणारी जागा घेतली तर चाळीस भुंग्यांखाली चाळीस बंद दारं.

बसले शोधायला. पहिल्याच दुकानात एक यंत्रबाई बोलायला आली. "नमस्कार! मी आपली मदतनीस! आपल्याला कोणतं नाव हवंय?" मी माझं नाव लिहिलं, ओघिलॉय. यंत्रबाई म्हणाली, "क्षमस्व! हे नाव अवैध आहे."

तुम्हाला कधी कुणी तोंडावर सांगितलंय, तुम्ही अवैध आहात म्हणून?

आता इथे थोडं थांबून माझ्या नावाचं दुःख सांगायलाच हवं. मी चौथी मुलगी. ओघिल म्हणजे मुलगा, ऑय म्हणजे चंद्र. बाबांनी हिशेब केला, पोरीच्या नावातच पोरगा घातला की पुढचा तरी पोरगाच येईल. आली पाचवी. म्हणजे चोवीस वर्षं मी न आलेल्या भावाच्या नावाने हाकेला ओ देतेय! बरं, लिहायचं कसं? आमच्या लिपीत 'ओ' अक्षराच्या डोक्याशेजारी एक छोटासा तुरा असतो. माझ्या नावात असे दोन तुरे, एक 'ओ'ला आणि एक त्यापुढच्या 'घ'ला. आणि साइटच्या नावात तुरा चालत नाही. जगात कुठेच नाही! मग तुरे काढा की, म्हणाल तुम्ही. काढले! पण पहिला तुरा गेला की 'ओघिल' राहत नाही, होतं 'ऑघिल'. आणि ऑघिल म्हणजे काय माहितीय?

गोठा!

गुरांचा गोठा! मुलगा-चंद्राची मी झाले गोठा-चंद्र, आणि तेही ब्रनोच्या ग्रंथात, पन्नास वर्षं! पाल नुसती चुकचुकली नाही, तिने शेपटी आपटली.

मग मी दुसरे मार्ग शोधले. माझ्या पासपोर्टवर कारकुनाने 'ओ'च्या जागी 'उ' ठोकून दिलाय, उघिलॉय. म्हटलं, चालेल. पाहिलं, तर नाव मोकळं होतं! देवच पावला. रात्रीच्या जेवणाला आनंदाने घरात सांगितलं. आई, बाबा आणि आमचे तोगा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, मिर्झोहिद तोगा, जे आमच्याकडे बुधवारी जेवायला येतात आणि पुढच्या बुधवारपर्यंत थांबतात. सकाळी पैसे भरायला बसले तर… नाव गेलेलं! कुणीतरी घेतलं! काल होतं, आज नाही!

दुसरं शोधलं, 'उ'नंतर 'ग'ला 'ह' लावून. मोकळं. जेवताना सांगितलं. सकाळी गेलेलं. तिसरं, मध्ये आडवी रेघ देऊन. सकाळी गेलेलं. चौथं, शेवटी 'भुंगे' जोडून. अहो, 'उघिलॉय-भुंगे' हे नाव जगात मला सोडून कुणाला हवंय? कुणाला? तेही गेलं!

आता तुम्ही हसताय, पण मला घाम फुटला. कुणीतरी बघतंय. मी टाइप करते आणि कुणीतरी कुठेतरी ते वाचतंय. मी कंप्यूटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. पाचवं नाव टाइपच केलं नाही, कागदावर लिहिलं आणि फक्त आईला दाखवलं, जेवणाच्या ताटावरून, एक शब्द न बोलता. आई म्हणाली, "हे काय, 'उघिलॉय-चित्रं' का? छान आहे गं!" मोठ्याने! आणि सकाळी… गेलेलं! मला सांगा, जे मी टाइपच केलं नाही ते यंत्राला कळलं कसं? पाल नव्हे, पालींचं अख्खं बिऱ्हाड मनात नांदायला आलं.

बाबा म्हणाले, "वाईट नजर आहे. इसरिकची धुरी दे." मी म्हटलं, "बाबा, नावाची नोंदणी आहे ही, बाळंतीण नाही!" तर म्हणाले, "म्हणूनच शिकवू नये पोरींना, धुरीवरचा विश्वास जातो."

तेरा तारीख उजाडली. तोगांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, साइटला जागा शोधतेयस ना? परक्यांच्या दारात कशाला? फर्मोन आहे की! लष्करात आम्ही एका ताटात जेवलोय. ऊठ, चल."

आता ज्या माणसाचं नावच फर्मान, त्याच्याकडे जायचं नसतं, हे मला कळायला नको? पण गेले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारामागे एक लोखंडी दार, दारातून खाली बारा पायऱ्या, तळाशी तळघर. आत एकच हिरवा दिवा आणि घूं… घूं… असा आवाज, जणू एखादं जनावर झोपेत दात खातंय. कपाटात सर्व्हर, आणि सर्व्हरच्या बरोब्बर डोक्यावर, लव्हाळ्याच्या जाळ्यांत, हिवाळ्यासाठी टांगलेली खरबुजं!

"फर्मोन-अका," मी म्हटलं, मोठ्या माणसाला आमच्यात अका, म्हणजे दादा म्हणतात, "यातलं एखादं पडलं तर?"

"पडलं होतं," फर्मोन-अका शांतपणे म्हणाले. "तीन साइट."

"गेल्या?"

"माझ्याकडे आलेली साइट कधी जात नाही, पोरी. फक्त दिसत नाही."

मग त्यांनी अभिमानाने एक साइट उघडून दाखवली. दातांचा डॉक्टर, पांढरा कोट, हसरा चेहरा. "सात वर्षं झाली. हा गेला, साइट आहे."

"कुठे गेला?"

"वारला. पण अजून वेळ नोंदवता येते. परवाच एक जण मंगळवारची घेऊन गेला."

फर्मोन-अकांनी चहा ओतला. आमच्यात पाहुण्याचा पियाला अर्धाच भरतात, म्हणजे बसा, पुन्हा देतो. यांनी काठोकाठ भरला, म्हणजे प्या आणि निघा. पण तोगा निघेनात. म्हणाले, "दाखव तिला." फर्मोन-अकांनी पडद्यावर यादी उघडली. पाच नावं. माझी पाचही नावं! मी शोधली त्याच क्रमाने, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे मालक: मिर्झोहिद!

"तोगा!!"

"मग? परक्याच्या हाती पडली असती म्हणजे?" तोगा असे फुलले होते जणू मला आगीतून काढलंय. "तू जेवताना सांगायचीस, मी हात धुवायला म्हणून उठायचो आणि फर्मोनला फोन लावायचो. एकही सुटू दिलं नाही!"

आणि मी चिकटपट्टी लावत होते! कॅमेऱ्याला! तोगांच्या तोंडाला लावायला हवी होती!

बरं, राग गिळला. म्हटलं, "उपकार झाले तोगा. आता एक माझ्या नावावर करून द्या. परवा पंधरा तारीख."

"करू की. लग्न झालं की करू."

"काय?"

"अगं, आडनाव बदलेल तेव्हा सगळे कागद पुन्हा करावेच लागतील. मग दोनदा कशाला? आणि जावई काय म्हणेल, हिला आधीच स्वतःची पाटी आहे? तोवर माझ्या नावावर राहू दे. तू हवं ते लाव तिथे, मी एकदा बघून हो म्हणेन, मग फर्मोन चढवेल."

फर्मोन-अका म्हणाले, "तसंही नाही होणार. देणाऱ्याची सही लागते, घेणाऱ्याची लागते, आणि घेणाऱ्याचं नाव सगळ्या कागदांवर एकच लागतं. तुझं पासपोर्टवर 'उ', जन्मदाखल्यावर 'ओ', आणि पदवीवर काय गं?"

पदवीवर गोठाच आहे. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर असं. एक मालक ज्याला विचारल्याशिवाय भुंगा हलणार नाही, एक तळघर जिथून कुणी बाहेर पडत नाही, मेलेलेसुद्धा, आणि वर टांगलेली खरबुजं. मला स्पष्ट दिसलं, पन्नास वर्षांनी मी म्हातारी होऊन बारा पायऱ्या उतरतेय, एका भुंग्याची मिशी दुरुस्त करायला परवानगी मागत. पाली आता चुकचुकत नव्हत्या, गळा काढून रडत होत्या.

आणि तेवढ्यात यादीकडे पाहता पाहता मला दिसलं की एक नाव त्यात नाहीच. "तोगा, तुरे काढलेलं साधं नाव का नाही घेतलं?"

तोगा भडकले. "मला काही अब्रू आहे की नाही? भाचीसाठी मी गोठा घेऊ?"

मी भरलेला पियाला एका दमात प्यायले, तोंड भाजलं, आणि पळाले.

घरी आले आणि यंत्रबाईंना, माणसांना, सगळ्या दुकानांना एकच प्रश्न पाठवला: मी मेले तर माझ्या साइटचं काय होईल? एकाने लिहिलं, "आम्ही सदैव आपल्यासोबत!" दुसऱ्याने लिहिलं, "आपल्यासाठी खास सवलत!" एकाच ठिकाणाहून उत्तर आलं: "भाडं भरलेलं असेल तोवर राहील. नंतर जाईल." तुम्हाला सांगते, इतकं खरं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोललं. जागा तिथे घेतली. पाटी मुद्दाम दुसऱ्या दुकानातून घेतली, म्हणजे एक रुसला तर दुसऱ्याकडे जाता येईल. मालक मी. सही माझी. जास्तीत जास्त मिळत होती तितकी, दहा वर्षं. आणि चौदा तारखेला लिबुशे बाईंना कळवलं. जगातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला नको असलेला तो एकमेव पत्ता!

ग्रंथ छापून आला. चाळीस भुंगे, चाळीस गोठे. बाबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "निदान पोरगा तरी राहू द्यायचा होतास नावात." आई म्हणाली, "अक्षर सुबक आहे." नमनगान शहरातून एकाने विचारलं, वासरं कधी विकायला काढता.

आणि परवा तोगांचा फोन. "पोरी, गोठा तर गोठा, पण कोरडा आहे ना? फर्मोनकडे ओल फार झालीय. एक कोपरा मला दे. माझ्या लावा पक्ष्याचा एकच फोटो."

मी नाही म्हणाले. ठामपणे! तीनदा!

चौथ्यांदा आई रडली.

तर आता पहिल्या पानावर तोगांचा लावा आहे, छाती काढून, आणि त्याच्याखाली माझे भुंगे आहेत, तो आत्ता टिपतो की मग टिपतो अशा बेताने. आणि आज सकाळी लिबुशे बाईंचं पत्र आलं: 'भुंगे उत्तमच. पण आम्ही आता पक्ष्यांचा ग्रंथ काढतोय. तो वरचा कुणाचा?'

काय करता! तोगांचा नंबर कळवलाय.