सावळीराम चेअरमनचं कानातलं मशीन

...आणि वर लेक म्हणते, "बाबा, आता तुम्हाला सगळं ऐकू येईल!" अहो, पण मला ऐकायचं होतं कुठे? तुम्हाला सांगतो, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालो, वयानं हळूहळू कान गेले, आणि इतकं निवांत आयुष्य मी जन्मात पाहिलं नव्हतं! भिमाबाई, म्हणजे आमची मिसेस, स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ऐकलंत का, दळण टाकून या!" मी आपला पेपर वाचतोय. हाका मारून दमली की स्वतःच डबा उचलून गिरणीत जायची. आता तुम्हीच सांगा, माझं काय वाईट चाललं होतं?

पण आमची लेक, चैताली! नोकरी लागली, पहिल्या पगारात बापाला शर्ट घ्यावा, चपला घ्याव्यात... नाही! कॉलेज रोडला एका दुकानात नेलं आणि कानात मशीन बसवलं, शेंगदाण्याएवढं! "बाबा, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान." पोरीचं मन कसं मोडणार? आणि दुकानाबाहेर पाऊल टाकलं... अरारारा! सिग्नल लाल, पुढचं कोणी हलत नाही, आणि मागचे सगळे हॉर्नवर बसलेत! पंचवटीत आमच्या कॉलनीत आलो तर तिथे त्याहून कहर. समोरचा योगेश गाडी मागे घेतो तेव्हा गाडी अशी केकाटते, जणू अख्खं वऱ्हाडच उलटं चाललंय! वरच्या मजल्यावरच्या लंकाबाई गॅलरीतून येवल्याच्या लेकीशी फोनवर बोलतात, "काऽऽय गं, जेवलीस काऽऽ?" अहो, त्या आवाजाला फोन लागतोच कशाला? आणि भाजीवाला पुंजा! स्वतः हातगाडीला टेकून झोपलेला, वर भोंगा एकटाच बोंबलतोय, "मेथी घ्या, पालक घ्या, ताजी ताजी कोथिंबीर घ्या!" माझं काय वाईट चाललं होतं हो?

मग मला बटण सापडलं. दाबलं की मशीन बंद! कोणी काही बोललं की हसायचं, मान डोलवायची, खल्लास. एका संध्याकाळी कॉलनीतली मंडळी घरी आली, बराच वेळ बोलली, मी हसलो, मान डोलवली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढा दिला. मला वाटलं, कोणाचा तरी पोरगा पास झाला. सकाळी बघतो तर गेटवर पाटी, "चेअरमन, सावळीराम पगारे"! अहो, तो माझ्याच निवडीचा पेढा होता, आणि मी दोन खाल्ले!

आता चेअरमनचं काम काय? ज्याची त्याची गाऱ्हाणी ऐकायची. म्हणजे बटण चालू! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, ऐकायचंच आहे ना? मग सगळ्यांनी ऐकायचं!

योगेशला खाली बोलावलं. मशीन काढलं, रुमालानं पुसलं, आवाज फुल्ल केला, त्याच्या कानात घातलं आणि त्याच्या बायकोला म्हटलं, "पूजा, गाडी जरा मागे घे बरं." योगेशनं अशी उडी मारली, थेट जास्वंदीच्या कुंडीत! "काका, बंद करा! आजच काढतो मी तो रिव्हर्सचा हॉर्न, आजच!" मग लंकाबाई. त्यांच्या कानात मशीन, हातात फोन, म्हटलं, बोला लेकीशी. "काऽऽय गं..." आणि फोन एकदम लांब धरला. मला म्हणतात, "अगंबाई, ही कोण मेली किंचाळतेय?" म्हटलं, "तुम्हीच!" आता इतक्या हळू बोलतात, लेक विचारते, आई, तुला बरं नाही का? आणि पुंजा... त्यानं मशीन घातलं, डोळे पांढरे केले. "काका, हे तर लय वरडतंय!" म्हटलं, बाबा रे, तुझाच भोंगा आहे. म्हणतो, "मला काय म्हाईत? मी तर कानात बोळे घालून झोपतो!"

उतरवला भोंगा! जिंकलो, राव! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत बसलो, पेपर उघडला आणि... काही नाही! भर पंचवटीत सकाळच्या वेळी काही नाही! आणि त्यात आतून एक आवाज आला. थप, थप, थप. भिमाबाई भाकरी थापत होती. किती वर्षं झाली असतील हो हा आवाज ऐकून! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. खोटं कशाला बोलू, त्या थापण्यासाठी मी आणखी दहा कॉलन्या गप्प केल्या असत्या. छाती फुगवून मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात. आता गरजच काय?

आणि आतून आवाज आला, "अहो, ऐकलंत का, दळण टाकून या."

ओरडली नाही हो ती! साधं बोलली! मशीन कपाटात, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला! तोंडातून 'हं' निसटलं, आणि मी पटकन पेपर वर केला. "पेपर नका वर करू, तुमचं 'हं' ऐकू आलंय मला." म्हणजे इतकी वर्षं माझे कान गेले म्हणून नाही, कॉलनीत गोंगाट होता म्हणून मी वाचत होतो! आणि तो आडोसा मी स्वतःच्या हातानं पाडला, वर चेअरमन म्हणून पेढेही खाल्ले!

माझं काय वाईट चाल... जाऊ द्या. तुम्ही जरा हा डबा उचलू लागा. गिरणी बंद व्हायच्या आत पोचायचंय, आणि आमच्या भागात आता निवांत बसावं असा गोंगाट फक्त तिथेच उरलाय.