चिठ्ठीवरचं नाव

सुनेला, जयाला, डॉक्टरीणबाईंकडे आत पाठवून कमळ पडद्याबाहेर बाकावर बसली. कान मात्र आतच होते.

“बाई, महिनाभर मासळीची पाटी उचलली नाय. तरी खालचा वास जात नाय.”

“धुतेस कशानं?”

“साबणानं. आतपर्यंत, दिवसाला चारदा.”

“त्यानंच वाढलं. खालचं पाणी काचेवर घेऊन दुर्बिणीतून बघितलं मी, जंतू वाढलेत. सात दिवस गोळ्या घे. साबण बंद.”

“वाईट रोग नाय ना? नवरा सोमवारी बोटीवरून येतोय. त्याला वाटेल, मी शेण खाल्लं. घराबाहेर काढील.”

“तसला रोग नाही हा. साबण कुणी सांगितला?”

“सासूनं. तिला नका सांगू.”

कमळनं पडदा सारला.

“डॉक्टरीणबाई, चिठ्ठीवर नाव माझं घाला. मग येऊ दे माझ्या लेकाला मला विचारायला, गोळ्या कसल्या ते.”